बॉस टँकला सोडून हीलरवर का धावतो? ॲग्रोच्या या चुका टाळा

रात्रीचे साडेअकरा, ऑनलाइन गेम चालू. टँक (पुढं उभा राहून मार झेलणारा) मिरजेत, हीलर (बाकीच्यांना बरं करणारा) साताऱ्यात गोडोलीला, बाकी आम्ही तिघं मारणारे सांगलीत. डंजनमध्ये (गेममधल्या शत्रूंनी भरलेल्या तळघरात) पाचही जण आडवे पडलेले आणि डिस्कॉर्ड कॉलवर एकच गलका, "लका, हीलर झोपला होतास काय?" तो झोपला नव्हता. पाचांत नीट काम करणारा तो एकटाच होता, आणि त्यापायीच आधी मेला.

हे समजायला मॉबच्या, म्हणजे गेमनं चालवलेल्या शत्रूच्या, डोक्यात काय चालतं ते बघावं लागतं. त्याला राग वगैरे काही येत नाही. प्रत्येक मॉबकडे उधारीची एक वही असते. कुणी किती मारलं, कुणी कुणाला बरं केलं, सगळं त्यात नावानिशी चढतं. ज्याच्या नावावर उधारी जास्त, त्याच्या दारात मॉब उभा. या उधारीला थ्रेट म्हणतात, आणि मॉब अंगावर येण्याला ॲग्रो. खालचे आकडे वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिकचे आहेत, कारण आम्ही तेच खेळतो. दुसऱ्या गेममध्ये दर वेगळे असतील, पण बहुतेक ठिकाणी वही असतेच.

आता हीलरचं प्रकरण. एक डॅमेज म्हणजे एक थ्रेट, पण एक हील म्हणजे अर्धाच, आणि तोही लढाईतल्या सगळ्या मॉबमध्ये वाटला जातो. टँकची तब्येत 500 नं कमी आहे आणि तुम्ही 2,000 चा हील टाकलात, तर हिशेबात 500 च धरतात. त्याचे 250, आणि समोर पाच मॉब असतील तर प्रत्येकाच्या वहीत जेमतेम 50. मग एवढ्याशा उधारीवर मॉब हीलरच्या अंगावर कसा जातो? कारण ज्याला टँकनं अजून हातच लावलेला नाही, त्याच्या वहीत दुसरं नावच नसतं. मागून मॉबचं फिरतं पथक येतं, टँकचं तिकडं लक्ष नसतं, हीलर एक हील टाकतो आणि पहिल्या पानावर त्याचं एकट्याचं नाव. आमच्याकडं त्या रात्री हेच झालं होतं.

त्यानंतर हीलरनं केलेली चूक मात्र खरी त्याची. तो पळाला, आणि तेही टँकपासून लांब. भावा, मॉब पाठीमागं लागला की टँककडं पळायचं. टँक दोन फटके मारतो, 50 ची उधारी मागं पडते, विषय संपला. लांब पळालात तर टँकचा हात पोचत नाही आणि वाटेत आणखी मंडळी उठतात.

मेजवाल्यांची (लांबून जादू मारणाऱ्यांची) चूक वेगळी, आणि ती ओळखायला आम्हाला दोन आठवडे लागले. टँकचा थ्रेट 10,000 असेल तर त्याच्या पुढं जाताक्षणी बॉस (सगळ्यात तगडा मॉब) वळत नाही. जवळून मारणाऱ्याला 11,000 ओलांडावे लागतात, लांबून मारणाऱ्याला 13,000. आमचा मेज 12,000 वर लांब उभा राहून मजेत मारत होता. मग काय सुचलं कोण जाणे, नोव्हा (आजूबाजूच्यांना जागीच गोठवणारी जादू) टाकायला पुढं गेला. जवळ गेल्यावर त्याला 11,000 चा नियम लागला आणि बॉस गर्रकन वळला. तो अजून म्हणतो की गेममध्ये बग आहे. थ्रेट मीटर (सगळ्यांची उधारी दाखवणारं ॲडऑन) लावा, आणि लांबचे असाल तर लांबच राहा. सुरुवातीला टँकला दोन-तीन फटके मारू द्या. लग्नात नवरदेवाआधी कुणी पंगतीला बसतं काय?

टॉन्टबद्दल (मॉबला डिवचून आपल्याकडं वळवायची टँकची चाल) टँकलोकांचा गैरसमज असतो की ते मारल्यावर मॉब कायमचा आपला. टॉन्टनं तुमची उधारी यादीतल्या सगळ्यात मोठ्या आकड्याइतकी होते आणि तीन सेकंद मॉब तुमच्याकडं बघतो, एवढंच. त्या तीन सेकंदांत फटके मारून आकडा वाढवायचा असतो. मॉब आधीच तुमच्याकडं असताना टॉन्ट वापरलंत तर ते वाया जातं आणि खरी गरज पडते तेव्हा कूलडाऊन (पुन्हा वापरता येईपर्यंतची वाट) चालू असतो. हंटरचं (पाळीव प्राणी घेऊन लढणाऱ्या शिकाऱ्याचं) मेल्याचं सोंग चाललं तर वहीतून नावच खोडलं जातं. प्रीस्ट या हीलरचा लपायचा फेड मात्र फक्त पान झाकतो. दहा सेकंदांनी जुनी उधारी जशीच्या तशी परत.

मुळात नको ते मॉब का उठतात? विश्रामबागेत रात्री उशिरा गाडीवरून जाणाऱ्याला हे सांगायला नको, प्रत्येक टोळक्याची हद्द असते. समान लेव्हलच्या मॉबची हद्द साधारण 20 यार्ड. तो लेव्हलनं जितका वर, तितकी ती वाढते, आणि खाली असला की कमी होते. म्हणून लहान लेव्हलच्या मित्राला डंजनमध्ये नेलं की भिंतीकडेनं चालूनही सगळं आग्या मोहोळ उठतं. बाहेर मैदानात मॉब काही अंतरावर पाठलाग सोडतो, डंजनमध्ये दारापर्यंत येतो. 1999 च्या एव्हरक्वेस्टमध्ये तर पळणाऱ्याच्या मागं लागलेल्या अशा रांगेला ट्रेन म्हणायचे आणि दारात बसलेले भलतेच लोक तिच्याखाली मरायचे. फायनल फँटसी इलेव्हनमध्ये काही मॉब आवाजावर उठतात, काही नजरेवर. तिथले मुडदे तर तुमची तब्येत खालावली की वास काढत येतात. म्हणजे एका गेमची सवय दुसऱ्यात नेलीत तर फसाल.

लांबून जादू फेकणारे मॉब टँककडं येतच नाहीत, ही तक्रारही नेहमीची. त्यांना एक फटका मारून सगळ्यांनी कोपऱ्याआड जायचं. नजरेआड झालात की ते आपल्या पायानं चालत येतात. यात एकजण हमखास बाहेर उभा राहून मारत बसतो. आमच्यात तो मी.

आणि हंटरांनो, डंजनमध्ये शिरायच्या आधी पेटचा (पाळीव प्राण्याचा) ग्राउल, म्हणजे मॉबला स्वतःकडं ओढणारी गुरगुर, बंद करा, नाहीतर तुमचं अस्वल टँकच्या तोंडचे मॉब ओढत राहतं. कठड्यावरून उडी मारण्याआधी पेट डिसमिस करा. तुम्ही खाली पोचता, ते मात्र मागच्या जिन्यानं अख्ख्या मजल्याला उठवत येतं.