पोनी बुजरी आहे आणि शो तोंडावर आलाय? मग हे करून बघा

घरच्या मैदानात अगदी शहाण्यासारखी चालणारी पोनी शोच्या, म्हणजे घोडेस्वारीच्या स्पर्धेच्या, गेटमधून आत शिरली की वेगळंच जनावर होऊन बसते, कान टवकारलेले, नाकपुड्या फुगलेल्या, दर पाच मिनिटांनी पातळ लीद, आणि आपण वर बसून म्हणतोय आज हिला झालंय तरी काय. काही झालेलं नसतं, घाबरलेली असते. "मुद्दाम करतेय" हे आधी डोक्यातून काढा. घोड्याला कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा थोडा भाग सोडला तर जवळपास सगळीकडचं दिसतं, म्हणजे तुम्ही समोरचा जम्प, म्हणजे उडी मारायचा अडथळा, बघत असता तेव्हा तिला मागच्या बाजूला कोणीतरी उघडलेली छत्री पण दिसतेय आणि डावीकडची बाबागाडी पण. आणि शंका आली की आधी पळायचं, काय होतं ते नंतर बघायचं, हे तिच्या रक्तातच आहे.

तयारी दोन-तीन आठवडे आधीपासून. मोबाईलवर टाळ्या, लाऊडस्पीकरवरच्या घोषणा, गर्दीचा आवाज लावा, पण इतक्या हळू की ती गवत खात राहिली पाहिजे. खाणं थांबवून मान वर केली म्हणजे आवाज जास्त झाला, कमी करा. छत्री, फडफडणारं कापड, प्लॅस्टिकची पिशवी, सगळं असंच, लांबून सुरू करून रोज थोडं जवळ. आणि जमलं तर एखाद्या शोला नाव न देता नुसतं घेऊन जा, दोन तास गवत खाऊ घाला आणि परत आणा. एवढं पेट्रोल जाळून नुसतं उभं राहायला जायचं का असं घरचे विचारतील, विचारू द्या.

शोच्या दिवशी खुराकात काही नवीन नको, ताकद यावी म्हणून दाणा तर अजिबात वाढवू नका. गवत मात्र पुढ्यात असू दे कारण रिकाम्या पोटी पळवलं की पोटातलं ॲसिड वर उसळतं. पाणी घरचंच कॅनमधून न्या, काही पोनी नवीन जागचं पाणी तोंडाला लावत नाहीत. शांत करणारी पावडर कोणी सुचवली तर त्या दिवशी पहिल्यांदा देऊ नका, शिवाय शोच्या नियमात ती चालते का तेही बघा.

दीड-दोन तास आधी पोचा. लगेच खोगीर घालू नका, हातात धरून अख्खं मैदान फिरवा, थांबायचं तिथे थांबू द्या, बघू द्या. तिला एकटीला बांधून चहाला जाऊ नका, घोडं हे कळपातलं जनावर, ओळखीचं दुसरं घोडं शेजारी असेल तर अर्धं काम झालं. बऱ्याच ठिकाणी नवख्या घोड्याच्या शेपटीला हिरवी रिबन बांधतात, लाथ मारणाऱ्याला लाल, तर लाजू नका, बांधा, लोक आपोआप लांबून जातात.

खरी परीक्षा वॉर्म-अपमध्ये, म्हणजे आधी अंग मोकळं करायच्या मैदानात असते, रिंगमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष स्पर्धेच्या मैदानात नाही. इथे समोरून येणाऱ्याशी डावा हात डाव्या हाताला, म्हणजे दोघांची डावी बाजू एकमेकांकडे, असं क्रॉस करायचं असतं, ते पाळा. माझी घोडी एकदा इथेच बॅनर बघून जागच्या जागी गर्रकन फिरली होती आणि मी तिच्या मानेवर लोंबकळत होते. बॅनर तर तिने दोन वेळा आधीच बघितला होता, तिसऱ्या वेळेला मी त्याच्या दहा पावलं आधीपासून श्वास धरला, लगाम आवळला, गुडघे घट्ट केले, मग तिला वाटलं हिलाच भीती वाटतेय म्हणजे नक्की काहीतरी आहे तिकडे. घाबरलेला माणूस पुढे वाकतो आणि टाच वर घेतो, पोनीच्या भाषेत त्याचा अर्थ "पळ".

म्हणून उलटं करा. टाच खाली, बूड सॅडलमध्ये जड, आणि श्वास सोडा, आवाज येईल असा सोडा. गुणगुणलात तरी चालेल, गाणं म्हणताना श्वास कोंडता येत नाही. मानेभोवती एक जुना रिकिबीचा पट्टा बांधून ठेवा, पडल्यासारखं वाटलं की बोटं त्यात अडकवायची, तिच्या तोंडाला हिसका बसत नाही. आणि तिला काम द्या! नुसतं उभं ठेवलं की ती भुतं शोधत बसते. मोठी वर्तुळं, दहा पावलं ट्रॉट (दुडकी चाल), मग वॉक (साधी चाल), परत ट्रॉट, दिशा बदल. ज्या वस्तूला बुजते तिच्याकडे नाक धरून ओढू नका, उलट मान किंचित दुसऱ्या बाजूला वळवा, तुम्ही स्वतः पलीकडे कुठेतरी बघा आणि पायाने पुढे चालवत राहा. जवळून नाही गेली तर लांबून जाऊ द्या, पुढच्या फेरीला हातभर जवळ.

उधळलीच तर दोन्ही लगाम खेचत बसू नका, तिची ताकद तुमच्यापेक्षा जास्तच आहे. जागा असेल तर एका बाजूला वर्तुळात घ्या आणि वर्तुळ हळूहळू लहान करा, झटक्यात नको, घसरेल. हेल्मेटचा पट्टा लावलाय ना, हे मी मुद्दाम लिहितेय कारण फोटोसाठी सोडणारे बघितलेत.

रिंगमध्ये गेल्यावर जज्जचं टेबल आणि कुंड्या यांच्या बाजूने तिला एकदा घेऊन जा. बेल वाजली की लगेच सुटायचं नसतं, आंतरराष्ट्रीय जम्पिंगच्या नियमात बेलनंतर ४५ सेकंद मिळतात, तुमच्या शोचा नियम आधी विचारून ठेवा म्हणजे घाई होत नाही. एखादा जम्प वेडावाकडा गेला तर गेला, ट्रॉटवर आणून पुढचा घ्या. मागच्या पायांवर उभी राहायला लागली तर मात्र ती खाली आल्यावर जज्जला हात दाखवून थांबतोय असं कळवा आणि बाहेर पडा.

बाहेर आल्यावर आधी खाली उतरा, तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, एक-दोन भोकं सैल करा, श्वास नॉर्मल होईपर्यंत हातात धरून चालवा, मग गवत आणि पाणी. त्याच शोमधल्या दुसऱ्या क्लासला (स्पर्धेच्या गटाला) नाव दिलं असेल आणि ती आत्ता मान खाली टाकून, ओठ चाटत शांत उभी असेल, तर तो क्लास सोडून तिला तशीच गाडीत चढवा.