पांढरं दिसलं म्हणून शुद्ध धरू नका

दांडिया बाजारातल्या घरी मी गव्हाच्या कोंड्यात मीलवर्मच्या, म्हणजे एका भुंग्याच्या, अळ्या वाढवायला घेतल्या, तेव्हा आई म्हणाली, "अगं, पिठात अळी दिसली की आपण चाळून टाकतो, आणि तू खाऊ घालतेस?" मला त्यांच्या आतड्यातली एन्झाइम्स हवी होती.

काही जीवाणू, कार्बन भरपूर आणि नायट्रोजन अपुरा असला की, पीएचबी नावाच्या प्लास्टिकचे दाणे पेशीत साठवतात. १९२६ मध्ये मॉरिस लेमॉन्य यांनी ते बॅसिलस या जीवाणूत ओळखलं. बाहेर काढायला सहसा क्लोरोफॉर्म वापरतात. मलेशियातल्या संशोधकांनी मात्र असे जीवाणू मीलवर्मना खाऊ घातले: अळ्यांनी पेशी पचवली, दाणे विष्ठेतून बाहेर टाकले. हे वाचलं आणि माझा प्रकल्प ठरला. मी अळ्यांऐवजी नळीत एन्झाइमचा अर्क वापरणार होते.

नव्याने येणाऱ्यांनो, आधी बर्फ. आतडं काढताना ते बर्फावरच हवं, कारण प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं पचवणारी एन्झाइम्स, स्वतःलाच पचवतात. वडोद्याच्या मे महिन्यात तर अळ्यांची पेटीही गारव्याला ठेवा. आतड्याचा पुढचा भाग आम्लधर्मी, मागचा किंचित अल्कधर्मी असतो. दोन्हींचे प्रोटिएजही वेगळे. एकाच बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) सगळं घातलं की अर्धं काम वाया. पेशी फुटल्या की डीएनएमुळे मिश्रण भिजवलेल्या अळशीसारखं चिकट होतं. डीएनए तोडणारं एन्झाइम, डीएनएज, घालून सैल करा, नाहीतर सेंट्रिफ्यूजमध्ये काही नीट खाली बसत नाही.

माझे दोन महिने गेले ते वेगळ्याच गोष्टीत. धुतलेली पावडर दुधासारखी पांढरी दिसायची आणि मी ती शुद्ध धरून वजन लिहीत होते. पावडरीत उरलेली प्रथिनं मोजायला ब्रॅडफर्ड ही रंगाची चाचणी वापरली, पण धुण्यातल्या एसडीएस या डिटर्जंटने आकडे बिघडवले. तिथे प्रथिनं मोजायची दुसरी, बीसीए पद्धत बरी. शेवटी नमुना मेथॅनॉल-आम्लात शिजवून गॅस क्रोमॅटोग्राफवर (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) लावला, तेव्हा पीएचबी माझ्या नोंदीपेक्षा बरंच कमी निघालं.

त्याहून लागलं ते तुलनेसाठी एका नळीत घातलेल्या उकळलेल्या अर्काचं. त्यातली एन्झाइम्स मेलेली, तरी त्या नळीतली पावडरही जवळपास तितकीच साफ. म्हणजे बरीचशी सफाई डिटर्जंटची होती, श्रेय मात्र मी अळ्यांना देत होते. हा कंट्रोल, म्हणजे तुलनेची नळी, मी पहिल्या दिवशी लावायला हवा होता. पुढच्या फेरीत एसडीएस वगळलं, नुसत्या पाण्याने धुतलं, तेव्हा जिवंत अर्काच्या आणि उकळलेल्या अर्काच्या नळीतला फरक पहिल्यांदा स्पष्ट दिसला. लहान होता, पण एन्झाइमचाच होता. त्या दिवशी मी आईला फोन करून सांगितलं, अळ्यांनी काम केलं.