चिनोज घालण्यापूर्वी: प्रसंगागणिक तयारीची यादी

चिनोज, म्हणजे सुती ट्विलची (तिरप्या विणीच्या कापडाची) पँट, घालून कुठे जायचे असेल तर तयारी आदल्या रात्रीवर सोडू नये. ती निदान आठवडाभर आधी, पँट अंगात घालून आरशासमोर उभे राहण्यापासून सुरू करावी, कारण या पँटच्या बाबतीत बहुतेक चुका रंगाच्या नसून मापाच्या असतात आणि माप दुरुस्त करायला शिंप्याला वेळ द्यावा लागतो. जीन्सचे जाड कापड मापातील बारीकसारीक दोष झाकून घेते आणि लोकरी फॉर्मल पँट स्वतःच्या वजनाने सरळ खाली पडते. चिनोजचे सुती ट्विल या दोहोंपैकी काहीच करत नाही. मांडीवर पँट घट्ट असेल तर तिरप्या खिशांची तोंडे कानासारखी बाहेर येतात, आसन (कमरेपासून दोन्ही पायांच्या जोडापर्यंतचा भाग) कमी पडले तर पुढच्या बाजूला आडव्या सुरकुत्या पसरतात आणि ते जास्त झाले तर मागचे कापड लोंबते. म्हणून पट्टा न लावता पँट कमरेवर टिकते का, खाली बसल्यावर बटणावर ताण येतो का, मांडीच्या बाजूचे कापड चिमटीत धरले असता दोन-तीन सेंटिमीटर सुटते का आणि रिकामे खिसे सपाट राहतात का, हे आधी पाहून घ्यावे. कंबर आत घेणे किंवा पायाचा घेर कमी करणे सोपे असते. मांडीवर वाढवायला मात्र शिलाईत सहसा कापडच शिल्लक नसते, त्यामुळे तिथे आवळणारी पँट दुरुस्तीच्या आशेवर ठेवण्यात अर्थ नाही.

उंची करून घेण्यापूर्वी पँट एकदा धुऊन वाळवलेली असावी. हे मी स्वतःच्या फजितीतून शिकलो: नवी पँट तशीच शिंप्याकडे देऊन बुटावर अचूक टेकेल अशी उंची करून घेतली, पहिल्याच धुण्यात ती आटली, आणि मुलाखतीला खुर्चीत बसताच आखूड मोज्यांच्या वर दिसणारी पोटरी समोरच्यांपासून लपवण्यात माझे अर्धे लक्ष गेले. हिशेब साधा आहे. आतल्या शिलाईवर ८० सेंटिमीटर भरणारी पँट तीन टक्के जरी आटली तरी जवळपास अडीच सेंटिमीटर कमी होते, आणि घोट्यापाशी एवढा फरक चांगलाच जाणवतो. उंची मोजताना जे बूट त्या प्रसंगी घालायचे तेच पायात असावेत. कार्यालयासाठी बुटावर कापडाची एकच हलकी मोड पडेल इतकी उंची ठेवावी, स्नीकर्ससाठी मोड न पडेल अशी थोडी कमी ठेवावी, आणि एकच पँट दोन्हीकडे वापरायची असेल तर कार्यालयाची उंची कायम करून सुटीच्या दिवशी खालची कड दुमडावी. ही दुमड तीन-चार सेंटिमीटरची आणि फार तर दोन वेळा घातलेली असावी. त्याहून जाड वेटोळे झाले की पाय आखूड दिसतात.

ही पँट मुळात सैनिकांच्या गणवेशातून आली, हे लक्षात ठेवले तर तिची बरीच वैशिष्ट्ये उलगडतात. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धाच्या काळात फिलिपाइन्समध्ये असलेल्या अमेरिकन सैनिकांच्या अंगावर चीनहून येणारे हे हलके सुती कापड होते आणि ‘चिनी’ या अर्थाच्या ‘चिनो’ या स्पॅनिश शब्दावरून तिला नाव मिळाले, असे सांगतात. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांबरोबर ती महाविद्यालयांच्या आवारात पोहोचली. गणवेशाचा नेटकेपणा आणि कामाच्या कपड्यांचा टिकाऊपणा असे दोन्ही गुण तिच्यात आहेत, म्हणूनच ती स्वतःहून ना औपचारिक असते ना अनौपचारिक. तिला कोणत्या बाजूला झुकवायचे हे बूट आणि वरचा कपडा ठरवतात, आणि त्यातही बुटांचा वाटा माझ्या मते मोठा असतो.

त्यामुळे कपाटासमोर उभे राहिल्यावर शर्टाआधी बूट निवडावेत. कार्यालयासाठी किंवा मुलाखतीसाठी गडद तपकिरी डर्बी (लेसचे चामडी बूट) अथवा लोफर्स (बिनलेसचे बूट) काढून ठेवावेत, त्यांच्या छटेच्या जवळचा तीन ते साडेतीन सेंटिमीटर रुंदीचा चामड्याचा पट्टा सोबत घ्यावा, मोजे पँटच्या रंगाशी मिळते आणि पोटरीपर्यंत येणारे असावेत, आणि मग नेव्ही किंवा गडद राखाडी चिनोजवर पांढरा वा फिकट निळा शर्ट आत खोचून घालावा. ब्लेझर घालायचा असेल तर एक गोष्ट कटाक्षाने टाळावी: नेव्ही पँटवर नेव्ही ब्लेझर. दोन्ही निळे सारखे कधीच नसतात, आणि पाहणाऱ्याला सुटाची मूळ पँट हरवली असावी असे वाटते. नेव्ही ब्लेझरखाली खाकी किंवा फिकट दगडी रंग घ्यावा, नेव्ही पँटवर राखाडी किंवा तपकिरी ब्लेझर घ्यावा, आणि खांद्यात जाड भरण असलेल्या, चकचकीत लोकरीच्या जॅकेटपेक्षा मऊ खांद्याचे, पोत दिसणारे जॅकेट निवडावे. सुती ट्विलशेजारी तेच शोभते. जिथे सगळे सुटातच येणार हे ठाऊक आहे तिथे मात्र चिनोजने सुटाची जागा भरून काढण्याचा प्रयत्न करू नये.

संध्याकाळच्या समारंभाचेही तसेच आहे. निमंत्रणात औपचारिक पोशाख असे स्पष्ट लिहिले असेल तर ही पँट घरीच राहू द्यावी. तसे बंधन नसेल तर आपल्याकडची सर्वांत गडद चिनोज घ्यावी, कारण कृत्रिम प्रकाशात फिकट रंग अधिक अनौपचारिक वाटतात; तिच्यावर पांढरा शर्ट आणि ब्लेझर किंवा बारीक विणीचा स्वेटर आणि पायात पॉलिश केलेले बूट एवढे पुरते. काळ्या चिनोजची शिफारस मी करत नाही. त्या शिलाईच्या कडांवर आणि गुडघ्यांवर लवकर विटतात, आणि विटलेला काळा रंग इतर कोणत्याही विटलेल्या रंगापेक्षा वाईट दिसतो.

सुटीच्या दिवसासाठी तयारी कमी आणि संयम जास्त लागतो. खाकी किंवा ऑलिव्ह चिनोज, साधा टी-शर्ट किंवा पोलो, स्वच्छ पांढरे स्नीकर्स आणि बाहेर न डोकावणारे आखूड मोजे एवढेच काढून ठेवावे. शर्ट बाहेर सोडायचा असेल तर त्याची कड मागच्या खिशांच्या मध्यापर्यंतच यावी. प्रवासासाठी दोन-तीन टक्के इलॅस्टेन (ताणला जाणारा धागा) असलेली, मध्यम गडद रंगाची पँट बरी, कारण तासन् तास बसूनही तिचे गुडघे फारसे फुगत नाहीत. बॅगेत ती घडी घालून नव्हे तर गुंडाळून ठेवावी. उन्हाळ्यात सुताबरोबर लिनन मिसळलेले हलके कापड आणि थंडीत आतून लव असलेले जाड कापड घ्यावे. जाड कापडाखाली स्वेडचे (लवदार चामड्याचे) घोट्यापर्यंतचे बूट छान जमतात.

आता आदल्या रात्रीची कामे. पँट आदल्या दिवशी नव्हे तर दोन दिवस आधीच, उलटी करून, थंड पाण्यात धुतलेली असावी आणि सावलीत वाळवलेली असावी, नाहीतर उन्हाने बाहेरच्या बाजूचा रंग उतरतो. इस्त्री करताना कापड किंचित ओलसर असावे. आधी खिशांची आतली अस्तरे, मग कंबरपट्टी आणि शेवटी पाय, असा क्रम ठेवला तर खिशांच्या आतल्या घड्या बाहेर उमटत नाहीत. समोरची धारदार क्रीज फक्त कार्यालय आणि समारंभासाठी पाडावी. स्नीकर्सवर ती उसनी वाटते. बटणाचा दोरा सैल झाला आहे का ते ओढून पाहावे आणि फोन, पाकीट, किल्ल्या या पँटच्या खिशात न ठेवता ब्लेझरच्या आत किंवा पिशवीत जातील अशी सोय आधीच करावी, कारण पातळ ट्विलवर प्रत्येक वस्तूचा आकार उमटतो. पँट नवी असेल तर पायावर चिकटवलेली मापाची लांब पारदर्शक पट्टी हळूच सोलून काढावी, मागच्या खिशांची तोंडे शिवून बंद केली असतील तर तेवढेच टाके कात्रीच्या टोकाने कापावेत, आणि नव्या ब्लेझरच्या मागच्या फटीवर घातलेला फुलीचा कच्चा टाकाही त्याच कात्रीने त्याच वेळी उसवून टाकावा.