पायवाट बुजलेली उंच खिंड कशी ओलांडावी

किन्नौरमधल्या काफनू गावातून निघून स्पितीच्या पिन खोऱ्यातल्या मूद गावी उतरणारी पिन-भाबा खिंड समुद्रसपाटीपासून सुमारे ४,९०० मीटर उंचीवर आहे. ऑगस्टअखेरीस तिच्याकडे जाणारी मेंढपाळांची वाट बऱ्यापैकी मळलेली असते, पण जूनमध्ये तीच वाट वरच्या टप्प्यात बर्फाखाली गडप असते आणि पायाखाली एकही खूण सापडत नाही. अशा वेळी आपली वाट आपल्यालाच शोधावी लागते. हे काम शिकता येते, आणि त्याची सुरुवात घरी, टेबलावर नकाशा पसरून होते. मात्र ज्यांनी हिमालयातली एकही उंच खिंड ओलांडलेली नाही, त्यांनी पहिली खेप स्थानिक वाटाड्यासोबतच करावी. त्याच्या मागे नुसते चालू नये; तो कुठे थांबून वर पाहतो आणि सरळ जाण्याऐवजी का वळतो, हे त्याला प्रत्येक वेळी विचारावे.

नकाशावर उतार मोजणे

एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. दोन समोच्च रेषांमधला (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधला) उंचीचा फरक नकाशाच्या समासात दिलेला असतो. तो ४० मीटर असेल, तर ज्या ठिकाणी लगतच्या दोन रेषांमध्ये जवळजवळ दीड मिलिमीटर जागा दिसते, तिथला उतार तीस अंशांच्या आसपास असतो. हीच जागा पाऊण मिलिमीटरवर आली की उतार पंचेचाळीस अंशांच्या पुढे गेलेला असतो. बर्फ असताना हिमकडे बहुतांशी याच तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवरून सुटतात, म्हणून असे पट्टे पेन्सिलीने हलके रंगवून घ्यावेत आणि आखलेली वाट त्यांना कुठे छेदते, कुठे त्यांच्या खालून जाते, हे पाहावे. खालून जाणारी वाटही तितकीच धोक्याची असते, हे नवख्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

नकाशाची मर्यादाही ओळखून असावे. चाळीस मीटरच्या दोन रेषांच्या मध्ये पंचवीस-तीस मीटरचा उभा कडा सहज लपतो, आणि आपल्याला अडवायला तेवढा पुरेसा असतो. यासाठी उपग्रहचित्रे नकाशाशेजारी ठेवून तपासावीत, आणि शक्य तर एकाच जागेची वेगवेगळ्या महिन्यांतली चित्रे पाहावीत. इतरांनी नोंदवलेला जीपीएस ट्रॅक फोनमध्ये जरूर असावा, पण तो कोणत्या महिन्यातला आहे हे कळल्याशिवाय त्यावर पाऊल टाकू नये. सप्टेंबरमध्ये कोरड्या धोंड्यांवरून गेलेला ट्रॅक जूनमध्ये आपल्याला ओढ्यावरच्या पोकळ झालेल्या हिमपुलावर नेऊन उभा करू शकतो.

पलीकडची बाजू आधी

खिंड निवडताना नजर आपोआप धारेवरच्या सर्वांत खोल खाचेकडे जाते. तिथेच बहुतेक चुका होतात. खाच खोल असली म्हणून तिच्या पलीकडे उतरता येतेच असे नाही, आणि पलीकडची बाजू चढताना दिसत नाही. म्हणून घरी बसून आधी उतरण्याची वाट आखावी आणि ती पटली तरच चढण्याच्या वाटेकडे वळावे. पिन-भाबामध्ये काफनूकडचा चढ दक्षिणेच्या अंगाला आणि पिन खोऱ्याकडचा उतार उत्तरेच्या अंगाला आहे. उत्तरेकडच्या उताराला ऊन कमी मिळते, त्यामुळे चढताना बर्फ विरळ वाटला तरी माथ्यापलीकडे तो दाट आणि टणक असण्याची तयारी ठेवावी लागते.

हा धडा मला हिमालयाने दिला नाही. तो सह्याद्रीतल्या एका नाळेने, म्हणजे कड्यातून खाली उतरणाऱ्या दगडधोंड्यांच्या घळीने, दिला. घाटमाथ्यावरून रुंद आणि सोपी दिसणाऱ्या त्या नाळेत आम्ही तासभर उतरत गेलो, आणि एका वळणानंतर पायाखालचे दगड एकदम संपले. पुढे पावसाळ्यातल्या धबधब्याचा गुळगुळीत कातळ होता आणि त्याच्या खाली झाडांचे शेंडे दिसत होते. आलो तसे वर चढायला तीन तास लागले, तेही मुरमाड दगड हातात निघून येत असताना. नकाशावर त्याच जागी रेषा एकमेकींना चिकटलेल्या होत्या. मी चढाची बाजू पाहण्यातच समाधान मानले होते.

सह्याद्रीत फिरलेल्यांनी आणखी एक सवय हिमालयात जपून वापरावी. आपले डोंगर लाव्ह्याच्या आडव्या थरांचे आहेत, त्यामुळे कड्याच्या पोटातून जाणारी आडवी वाट पुष्कळदा बरीच लांबवर न तुटता जाते. हिमालयातले थर तिरके उचललेले आणि मुडपलेले आहेत. तिथे दोन पावले रुंद असलेली पट्टी शंभर मीटरवर कड्यात विरून जाते, किंवा खाली कललेल्या फरशीसारखी होते.

समोरून पाहणे

खोऱ्यात पोहोचल्यावर पहिल्या मोकळ्या संध्याकाळी समोरच्या उतारावर थोडे चढून बसावे. पिन-भाबाच्या वाटेवर मुलिंगच्या पुढे काराचे कुरण लागते. अशा मोकळ्या जागी अर्धा तास दुर्बीण आणि नकाशा घेऊन बसणे हे पुढच्या दिवसाच्या दोन तासांच्या चालण्याइतके मोलाचे असते. तिरप्या उन्हात घळी, सोंडा आणि कातळाचे टप्पे सावलीमुळे स्पष्ट उठून दिसतात, तर दुपारच्या उन्हात सगळा उतार एकाच चादरीसारखा सपाट भासतो. समोरासमोर पाहिलेला उतार प्रत्यक्षापेक्षा उभा वाटतो, म्हणून त्याचा खरा कोन बाजूने पाहूनच ठरवावा.

मग संपूर्ण चढाचे तुकडे पाडावेत. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी लांबूनही ओळखू येईल अशी सुरक्षित जागा असावी: मोठा एकटा धोंडा, मोरेनच्या (हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीच्या ढिगाच्या) धारेचे टोक, बर्फातून वर आलेली कातळाची बेटे. तुकडे जोडताना शक्यतो सोंडेवरून किंवा मोरेनच्या धारेवरून जाणारी रेषा निवडावी, कारण वरून सुटलेले दगड आणि बर्फ घळीतच येतात. ही रेषा कागदावर काढून सोबत्यांना दाखवावी. पाच जणांनी वर पाहिले की एखाद्याला तरी आपल्या नजरेतून सुटलेला कातळटप्पा दिसतो.

प्रत्यक्ष चढताना

तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. दमलेल्या आणि डोके दुखणाऱ्या माणसाला वाट शोधता येत नाही. तो सर्वांत जवळची दिसणारी रेषा धरतो. डोकेदुखीबरोबर उलटी होऊ लागली किंवा पाय अडखळू लागले, तर खिंडीचा विचार सोडून तत्काळ खाली उतरावे.

खिंडीच्या पायथ्याचा मुक्काम पहाटे तीन-साडेतीनलाच सोडावा. या उंचीवर सामानासह तासाला दोनशे ते अडीचशे मीटर चढ होतो, म्हणजे फुस्तिरंगच्या मुक्कामापासून माथा गाठायला साधारण तीन ते चार तास धरावेत. पहाटेचा बर्फ टणक असतो. त्यात बुटाच्या टाचेने किंवा चवड्याने ठोकून पायरी करावी लागते, आणि आइस अॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) हातात नसेल तर मोठ्या उतारावर जाऊ नये. ऊन वर आले की बर्फ सैलावतो. बूट घोट्यापर्यंत रुतू लागला तर चाल वाढवावी, गुडघ्यापर्यंत रुतू लागला तर त्या उतारावरची वेळ संपली असे समजावे. बर्फातून वर आलेल्या मोठ्या धोंड्याच्या अगदी कडेने चालू नये, कारण उन्हाने तापलेल्या दगडाभोवती बर्फ आतून वितळून पोकळी झालेली असते.

घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडांच्या घसरत्या उतारावर, एकामागोमाग एक चढू नये. सगळ्यांनी थोडे तिरपे, एकमेकांच्या खाली न येता चालावे, आणि दगड सुटला की मोठ्याने ओरडून सांगावे. प्रत्येक तुकडा संपला की मागे वळून एक छायाचित्र काढावे. वर जाताना ओळखीची झालेली वाट खाली येताना अगदी परकी दिसते, आणि ढग उतरले तर हीच छायाचित्रे आणि होकायंत्राने घेतलेली दिशा उपयोगी पडते.

परत फिरण्याची वेळ आदल्या रात्रीच ठरवून सर्वांना सांगावी. माझ्या मते सकाळी दहापर्यंत माथा न गाठल्यास, किंवा त्याआधी ढगांनी खिंड झाकल्यास, मागे वळणे योग्य. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की जो टप्पा आपल्याला उलटा उतरता येणार नाही तो चढू नये, आणि माथ्यावरून ज्या उताराचा तळ दिसत नाही त्यावरून घसरत जाऊ नये. पलीकडची बाजू ठरवल्याप्रमाणे नसेल, तर माथ्यावरूनही परत फिरावे लागते. तेवढे अन्न आणि तेवढी ताकद राखूनच निघावे.

उतरल्यावर

पिनच्या बाजूला उतरताना ओढे ओलांडावे लागतात आणि तोवर दुपार झालेली असते. वितळलेल्या बर्फाचे पाणी दुपारनंतर चढते व पहाटे सर्वांत कमी असते, त्यामुळे पाणी मांडीच्या वर आणि वेगाचे असल्यास काठावरच मुक्काम करून सकाळी ओलांडावे. प्रवाह जिथे अनेक फाट्यांत पसरतो ती रुंद जागा निवडावी, सॅकचा कमरेचा पट्टा सोडावा आणि तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला ठेवून काठीच्या आधाराने एकेक पाऊल सरकवावे.

निघण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी, आणि मार्गाचा नकाशा व मूदला पोहोचण्याची तारीख लिहून काफनूत तसेच घरी ठेवावी. सॅटेलाइट फोन भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाही आणि वरच्या टप्प्यात मोबाइल चालत नाही, त्यामुळे शोध कुठे घ्यायचा हे त्या कागदावरूनच कळणार असते. मूदमध्ये उतरल्यावर गरम चहाच्या आधी फोनची सोय शोधावी आणि ज्यांच्याकडे तो कागद ठेवला आहे त्या प्रत्येकाला पोहोचल्याचे कळवावे.