फौजी माणसाच्या आठवणी टिपायच्या तर आधी ट्रंक उघडा

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत जाऊन आलेल्या फौजी माणसाला ‘तिकडं काय झालं?’ असं विचारलं, की ‘काय व्हायचंय, ड्युटी केली’ एवढंच उत्तर येतं. म्हणून आधी ट्रंक उघडायला सांगा आणि कागद, पदकं, फोटो चादरीवर मांडा.

पहिलं डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्तीवेळी मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक. गावात हवालदारालाही ‘मेजर’ म्हणतात, त्यामुळे हुद्दा पुस्तकातूनच उतरवा. भरती आणि निवृत्तीच्या तारखा एका कागदावर लिहून घ्या, मधल्या बदल्या बोलता बोलता भरा. साल आठवत नसेल तर ‘थोरलीचं लग्न आधी की नंतर?’ असं विचारा.

मग पदकं. भारतीय पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. बॅटरी तिरपी धरून भिंगातून वाचा. ब्रासोने घासू नका, अक्षरं झिजतात. विदेश सेवा पदकाच्या फितीवर देशाच्या नावाची पट्टी असते. संयुक्त राष्ट्रांच्या पदकामागे ‘इन द सर्व्हिस ऑफ पीस’ असतं, पण माणसाचं नाव नसतं. मोहीम बहुधा फितीच्या रंगांवरूनच ओळखावी लागते. फीत मळली म्हणून दुसरी लावली, की ती खूणही गेली.

पत्रं पाकिटासकट ठेवा. १९६२ मध्ये काँगोतल्या आपल्या तुकडीसाठी भारतीय तिकिटांवर वेगळी अक्षरं छापली होती. तिकीट कापून काढलं की शिक्काही अर्धा जातो.

बोलणं पाऊण तासात आटपा. पुढचं दुसऱ्या दिवशी. रेकॉर्डिंगचा मोबाइल एअरप्लेन मोडवर, घडी केलेल्या टॉवेलवर, तोंडापासून वीतभर लांब. पंखा बंद. भिंतीवरचं घड्याळ बाहेर न्या, नाहीतर टिकटिक शेवटपर्यंत ऐकू येते. सुरुवातीला तारीख, गाव आणि दोघांची नावं बोला.

प्रश्न बारीक हवेत. पाणी कुठून यायचं? सेंट्री (पहारा) किती तासांनी बदलायची? बड्या खान्याला, म्हणजे पलटणीच्या मेजवानीला, काय असायचं? लोकांशी कोणत्या भाषेत बोलायचात? बेळगावच्या मराठा सेंटरमधली रिक्रूटी (भरतीनंतरचं प्रशिक्षण), मनीऑर्डर, रजेचा रेल्वेप्रवास हेही इतकंच महत्त्वाचं. लढाई न झालेली वर्षं सांगण्याजोगी नाहीत, असं सांगणाऱ्यालाच वाटत असतं.

सगळ्यात जास्त घोळ घरचेच घालतात. मुलगा मध्येच ‘अहो बाबा, ते सोमालियात ना!’ म्हणतो आणि म्हातारा मान डोलावतो. अशा मुलाला चहा करायला पाठवा. काँगोतल्या शहराचं जुनं नाव एलिझाबेथव्हिल म्हणाले तर तेच लिहा, शेजारी आजचं लुबुंबाशी. आवाज भरून आला तर गप्प बसा, लगेच पुढचा प्रश्न नको.

लहान फोटो ६०० डीपीआयला (स्कॅनरमधली बारकाईची सेटिंग) स्कॅन करा. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून पाठवाल तर बारीक अक्षरं पुसट होतात; डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटोच्या मागे त्यातल्या माणसांची नावं मऊ पेन्सिलीने, डावीकडून उजवीकडे. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. लिहून काढलेलं त्यांना वाचून दाखवा. तैनाती किंवा दारूगोळ्याबद्दल ‘हे नको’ म्हणाले, तर ते खोडा आणि रेकॉर्डिंगमधूनही काढा.