पोटशूळ उतरला, तरी जंतनाशकाची घाई नको

पावसाळा सरला की घोडेवाल्यांची लगबग सुरू होते. माथेरानला दिवाळीचे पर्यटक, तुळशीच्या लग्नानंतर वराती, मग दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा. नेमकी याच दिवसांत घोड्यांची पोटं बिघडतात. हिरवा चारा संपून कडबा सुरू झालेला असतो, गारठा पडला की घोडं पाणी कमी पितं, आणि पावसात ओल्या गवतावरून पोटात गेलेल्या अळ्यांचे एव्हाना जंत झालेले असतात.

पोटशूळाने, म्हणजे पोटातल्या कळांनी, घोडं लोळून उठतं, डॉक्टर इंजेक्शन देतात, लीद पडते. लगेच मालक म्हणतो, "जंतच असणार, आजच औषध देऊन टाकू."

आज नको. दुखऱ्या, सुस्त आतड्यात एकदम मेलेल्या जंतांचा गोळा अडकला तर पोटशूळ उलटतो. शिंगरांत ही भीती सर्वांत जास्त. सहा-आठ महिन्यांचं, कधीच औषध न दिलेलं, पोट सुटलेलं शिंगरू असेल तर लांबलचक पांढरे गोल जंत आतड्यात दाटीने असू शकतात. तिथे कोणतं औषध द्यायचं ते डॉक्टरांनीच ठरवावं.

आधी घोडं पूर्ववत होऊ द्या. चंदी (दाणा) आवडीने खातंय, पाणी पितंय, लीद नेहमीसारखी टाकतंय आणि दोन्ही कुशींना कान लावला की गुडगुड ऐकू येतेय, एवढं जमलं पाहिजे. जबड्याच्या खालच्या कडेवर बोटं ठेवून नाडी मोजा. मोठ्या घोड्याची विसाव्यात मिनिटाला २८ ते ४४ असते. ६० च्या वर गेली तर जंतांचा विषय बाजूला ठेवून डॉक्टरांना परत बोलवा. आणि बैलाला पाजतात तसं बांबूच्या नळकांड्यातून तेल पाजू नका, ते फुप्फुसात उतरतं. घोड्याला उलटी होत नाही, म्हणून जठर फुगलं तर ते रिकामं करायला डॉक्टर नाकातून नळी घालतात.

मधल्या दिवसांत लीद तपासून घ्या. ताज्या लिदेचा गोळा प्लॅस्टिकच्या पिशवीत घ्या, हवा दाबून काढा, तोंड बांधा आणि त्याच दिवशी दवाखान्यात पोहोचवा. उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवा, बर्फाच्या खणात नको. एक मेख आहे. चपटे जंत लिदेच्या तपासणीत बरेचदा निसटतात, आणि लहान आतडं जिथे अंधांत्राला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीला, मिळतं तिथे चिकटून हेच पोटशूळ आणतात. म्हणून अहवाल स्वच्छ आला तरी पोटशूळ झाल्याचं डॉक्टरांना सांगा. आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाने चपटे जंत मरत नाहीत, त्यासाठी प्राझिक्वांटेल हे दुसरं औषध लागतं. पुढच्या पायांच्या केसांवर पिवळसर बारीक अंडी चिकटलेली दिसली तर ती गोमाशीसारख्या एका माशीची. तिच्या अळ्या जठरात राहतात आणि त्यांच्यावर मात्र आयव्हरमेक्टिन चालतं. फेनबेंडाझोल हे आणखी एक जंतनाशक या अळ्यांना पुरत नाही, आणि मोठ्या आतड्यातले बारीक जंत (लहान स्ट्राँगाइल) तर त्याला बऱ्याच ठिकाणी दाद देईनासे झालेत.

मात्रा नजरेच्या अंदाजाने नको. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) बसतो तिथला घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (नितंबाच्या) मागच्या टोकापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, म्हणजे किलो. घेर १५० आणि लांबी १३५ असेल तर वजन सुमारे २५५ किलो. आयव्हरमेक्टिनची मात्रा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे या घोड्याला ५१ मिलिग्रॅम. गुरांचं इंजेक्शन घोड्याला टोचू नका. तोंडावाटे द्यायची घोड्याची पेस्ट वेगळी मिळते. घोडी गाभण असेल तर आधीच सांगा.

औषधानंतर दोन-तीन दिवस काम हलकं ठेवा, पाणी भरपूर द्या. पातळ जुलाब लागले, घोडं झपाट्याने वाळलं किंवा पोटाखाली सूज आली तर वाट न पाहता डॉक्टरांना बोलवा. साधारण १४ दिवसांनी लीद पुन्हा तपासा. लिदेतली जंतांची अंडी फारशी घटली नसतील तर औषध लागू पडलेलं नाही.

चरायच्या जागेवरची लीद आठवड्यातून दोनदा उचला. यात्रेतून नवं घोडं आणलंत तर ते निदान दोन-तीन आठवडे वेगळं बांधा आणि त्याची लीद तपासल्याशिवाय बाकीच्यांत सोडू नका.