भाडेकरू गेला, नवा यायचाय: रिकाम्या फ्लॅटच्या तयारीत या चुका टाळा

भाडेकरूनं किल्ली हातात ठेवली की मालक दोनच माणसांना फोन करतो, रंगाऱ्याला आणि एजंटला. घाई समजण्यासारखी आहे. महिना 24,000 भाडं असेल तर रिकामं घर रोज 800 रुपये खातं, शिवाय सोसायटीचा मेंटेनन्स चालूच. पण याच घाईत कामांचा क्रम उलटा होतो आणि एकदा केलेलं काम पुन्हा करावं लागतं. पुण्या-मुंबईत घर रिकामं असण्याचे हे आठ-दहा दिवस म्हणजे ते नीट तपासायची वर्षातली एकमेव संधी. नवं सामान आलं की कपाटामागची भिंत पुढच्या अकरा महिन्यांत दिसत नाही.

संध्याकाळी, घाईघाईत ताबा घेणं

टेम्पो खाली उभा, लिफ्टमध्ये गाद्या, आणि अशा वेळी मालक घरभर एक चक्कर मारून "ठीक आहे" म्हणतो. ताबा दिवसाउजेडी घ्या, जुना भाडेकरू समोर असताना आणि सामान बाहेर गेल्यावर. प्रत्येक नळ पूर्ण सोडून बघा, फ्लश दोनदा ओढा, पंखे पाचवर फिरवा, गीझर दहा मिनिटं लावा. सिंकखालच्या कप्प्यात हात घालून तळाची प्लाय ओली किंवा फुगलेली आहे का ते चाचपून पाहा.

विजेच्या मीटरचा फोटो त्याच दिवशी काढून दोघांच्याही मोबाइलवर ठेवा. महावितरणचं बिल नंतर येतं, पाइप गॅसचं तर दोन महिन्यांचं एकदम येतं. रीडिंग नसेल तर "हे युनिट कुणाचे" हा वाद डिपॉझिट परत दिल्यानंतर उभा राहतो, आणि तेव्हा मालकाच्या हातात काहीच उरलेलं नसतं.

डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापायचे की नाही, यावर जेवढी भांडणं होतात तेवढी भाड्यावरूनही होत नसतील. करारात स्पष्ट लिहिलं असेल तर प्रश्न नाही. लिहिलं नसेल तर माझं मत मालकांना आवडणार नाही: तीन वर्षं राहिलेल्या कुटुंबानंतर भिंती मळणारच, तो खर्च मालकाचा. ड्रिल मारून पाडलेली भोकं, तुटलेलं बेसिन, मुलांनी स्केचपेननं रंगवलेला हॉल, हे भाडेकरूचं.

ओल न शोधता रंग मारणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर, स्कर्टिंगपासून फूट-दीड फूट उंचीपर्यंत पुट्टी फुगलेली असते, नखानं दाबली की पापुद्रा सुटतो, आत पांढरी भुकटी. रंगारी म्हणतो, "साहेब, खरवडून डॅम्पप्रूफ मारतो, काही होत नाही." चार महिने खरंच काही होत नाही. मग नव्या भाडेकरूच्या कपाटात बुरशी येते आणि फोन सुरू होतात.

ओल कुठून येते हे रिकाम्या घरात जवळजवळ फुकटात कळतं. ओलीच्या कडेनं पेन्सिलीची रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. घरात पाणी वापरू नका, पण फ्लॅटचा मुख्य कॉक चालू ठेवा. आठवडाभरानं कड रेघेच्या आत सरकली असेल, तर गळती वापरातल्या पाण्याची आहे: फरशीचे सांधे, नहाणी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचा, पाणी साठून राहणारा भाग), कमोडचा जोड. कड जिथल्या तिथे असेल तर आता कॉक बंद करून आणखी काही दिवस थांबा. तेव्हा सुकायला लागली तर भिंतीतला पाइप गळतोय, प्लंबरला फोडावंच लागेल. दोन्ही वेळा फरक पडला नाही तर पाणी तुमच्या घरातलं नाही, वरच्या फ्लॅटचं किंवा बाहेरच्या भिंतीतून येणारं आहे. पाऊस पडून गेल्यावरच कड वाढत असेल तर बाहेरची भिंत जवळपास नक्की. प्लास्टर सावकाश सुकतं, त्यामुळे दोन दिवसांत निकाल लावू नका.

कारण कळलं की खर्च कुणाचा हेही ठरतं. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, पावसाच्या पाण्यानं किंवा बाहेरच्या सामाईक पाइप आणि ड्रेनेज लाइनमुळे होणारी गळती सोसायटीनं दुरुस्त करायची असते. वरच्यांच्या बाथरूमची गळती त्यांची. मॅनेजिंग कमिटीला तोंडी सांगून काही होत नाही. लेखी अर्ज फोटोंसह द्या आणि पोच घ्या.

जून ते सप्टेंबर मुंबईत आणि कोकणात घर रिकामं झालं तर पूर्ण रंगकाम टाळलेलंच बरं. भिंत सुकतच नाही. तेवढे डाग झाकून, दिवाळीनंतर रंग देण्याचं भाडेकरूला लेखी कबूल करणारे मालक मला जास्त शहाणे वाटतात.

रंग आधी, बाकी सगळं नंतर

रंग झाल्यावर इलेक्ट्रिशियन येऊन स्विचबोर्ड बदलतो, एसीवाला भोक पाडतो, पडद्याचे रॉड लागतात, आणि ताज्या भिंतीवर काळे पंजे उठतात. आधी प्लंबर, मग इलेक्ट्रिशियन, मग सुतार, त्यानंतर रंगारी. साफसफाई त्याच्याही मागून.

पेस्ट कंट्रोलचा गोंधळ इथेच होतो. झुरळांसाठी जेल लावायचं असेल तर ते साफसफाईनंतर. बायकांनी ओट्याखालचे कोपरे घासून काढले की आदल्या दिवशीचे जेलचे ठिपके कचऱ्यात जातात आणि मालक कंपनीला शिव्या घालतो. फवारणी असेल तर उलट: घर रिकामं होताच करा, नंतर पुसून घ्या. ढेकूण दिसले असतील तर एका फेरीत सुटका नाही. अंडी औषधाला दाद देत नाहीत, ती फुटल्यावर, साधारण दोन आठवड्यांनी, दुसरी फेरी लागते. फर्निचरसह भाड्यानं देणाऱ्यांनी नवी तारीख ठरवण्याआधीच हे पाहावं. पलंगाच्या फळ्यांच्या खाचा आणि गादीची शिवण टॉर्चनं बघा. काळे बारीक ठिपके म्हणजे ढेकूण.

बंद घरात वास येतो म्हणून ड्रेनेज फोडायला काढणं

फ्लॅट काही आठवडे बंद राहिला, दार उघडलं की गटाराचा वास, आणि बाथरूममध्ये झुरळं. बहुतेक वेळा ड्रेनेजला काहीही झालेलं नसतं. नहाणी ट्रॅपमध्ये कायम थोडं पाणी साठून राहतं आणि तेच खालच्या लाइनचा वास अडवतं. उन्हाळ्यात ते वाळतं. प्रत्येक नहाणीत, वॉशिंग मशीनच्या आउटलेटमध्ये, बाल्कनीतल्या जाळीत पाणी ओता, बेसिनचा नळ मिनिटभर सोडा, कमोड फ्लश करा, खिडक्या उघडा. दुसऱ्या दिवशीही वास असेल तरच प्लंबर बोलवा. घर दाखवायला एजंट जाणार असेल तर त्याच्या आदल्या संध्याकाळी हे करून ठेवा, कारण गिऱ्हाईक दारातच नाक मुरडून परत फिरतं.

ॲसिडनं बाथरूम चमकवणं

बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याचे पांढरे डाग ॲसिडनं झटक्यात जातात. त्यासोबत टाइल्सच्या सांध्यातलं सिमेंट खाल्लं जातं, नळाची चकाकी जाते आणि मार्बलची फरशी असेल तर ती कायमची खडबडीत होते. सांधे खाल्ले गेले की वर सांगितलेली ओल आलीच. डागांना व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड वेळ देऊन लावा (मार्बलवर तेही नको) आणि सांधे एपॉक्सी ग्राउटनं भरून घ्या. सफाईवाल्यांना एक गोष्ट बजावून सांगा: ॲसिड आणि ब्लीच एकत्र वापरायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि काम कोंदट बाथरूममध्ये चाललेलं असतं.

छोट्या वस्तू

गीझर रिकामा असताना बटण दाबलं तर एलिमेंट जळतो. आधी गरम पाण्याचा नळ सोडा, धार सलग झाली की मगच चालू करा. फ्रिज बंद ठेवणार असाल तर दार थोडं उघडं ठेवा. प्युरिफायरमध्ये साचलेलं पाणी फेकून द्या, नवीन पाण्याची पहिली टाकीही. फ्लश टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकून अर्धा तास थांबा. कमोडमध्ये रंग उतरला तर आतला वॉशर गेलाय. शेगडी ठेवणार असाल तर गॅसच्या नळीवरची तारीख वाचा. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते.

आणि कुलूप. भाडेकरूनं दोन किल्ल्या परत दिल्या, पण स्वयंपाकाच्या मावशींकडे, मित्राकडे किती होत्या कुणास ठाऊक. पूर्ण लॅच बदलायची गरज नाही, बहुतेक लॅचचं नुसतं सिलिंडर बदलता येतं.

जुन्या भाडेकरूची कागदावरची वस्ती

हा भाग बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. तुमच्या पत्त्यावर त्यानं जीएसटी नोंदणी घेतली होती का, इंटरनेटचं कनेक्शन कुणाच्या नावावर आहे, गेटवरच्या ॲपमध्ये आणि इंटरकॉमवर नाव कुणाचं, गाडीचं स्टिकर परत आलं का. व्यवसायाची नोंदणी तशीच राहिली तर नोटिसा तुमच्या दारात येतात. डिपॉझिटचा शेवटचा हप्ता देण्याआधी हे निपटा.

नव्या भाडेकरूचं सामान आधी, करार नंतर हा प्रकार तर अजिबात नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. चुकवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुदत संपूनही कुणी घर सोडलं नाही तर कलम 24 खाली दुप्पट भाडं मागता येतं, पण त्यासाठी हातात नोंदणीकृत कागद हवा. पोलिसांना ऑनलाइन माहिती द्या, तिची आणि कराराची प्रत सोसायटीत जमा करा. नॉन ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ती रक्कम) सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त लावला असेल तर सेक्रेटरींना 1 ऑगस्ट 2001 चा शासन आदेश दाखवा.

करारातच एक कलम घालून घ्या: ताबा घेतल्यापासून पंधरा दिवसांत भाडेकरूनं लेखी कळवलेल्या दुरुस्त्या मालकाच्या खर्चानं, त्यानंतर वापरातून होणाऱ्या किरकोळ दुरुस्त्या त्याच्या खर्चानं.